सिंगापूर ते न्यूयॉर्क: अंतर नक्की किती आणि विमानाला वेळ नक्की किती लागतो?

प्रवासिनी

नमस्कार मंडळी. आई सिंगापूरहून न्यूयॉर्कला येणार आहे, मधे कुठे न थांबणाऱ्या विमानाने आणि एकटीच. तिच्या गोळ्या दर ८ तासांनी असतात, गुडघेही फार वेळ दुमडून ठेवता येत नाहीत, म्हणून ती विमानात नक्की किती तास असणार हे मला आधी नीट समजून घ्यायचंय. शोधायला बसले तर जितकी पानं उघडली तितके आकडे. अंतर कुठे १५,३४९ किलोमीटर, कुठे ९,५३७ मैल, एका ठिकाणी चक्क ८,२८८ मैल, आणि फ्लाइट ट्रॅक करणाऱ्या ॲपवर मागची एक फ्लाइट बघितली तर ती १६ हजार किलोमीटरच्या वर उडालेली. वेळेचंही तेच, एक साइट म्हणते १७ तास, दुसरी म्हणते जवळजवळ १९, आणि तिकिटावर रात्री ११:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ६:१० ला पोचणार असं आहे, म्हणजे नुसती वजाबाकी केली तर पावणेसात तासही होत नाहीत. घड्याळं वेगळी आहेत एवढं कळतंय पण बाकीचं डोक्यावरून जातंय. आणि हो, परत जाताना विमान नक्की कुठल्या बाजूने जातं? कुणी म्हणतं उत्तर ध्रुवावरून, कुणी म्हणतं युरोपवरून. जाणकारांनी प्लीज समजावून सांगा, थोडं सविस्तर लिहिलंत तरी चालेल, वाचायची तयारी आहे.

गणितवेडा

ताई, अंतराचं आधी सोडवू, कारण ते सोपं आहे आणि तुम्ही निवडलेले विमानतळ तर इतके मजेशीर आहेत की कागद-पेन्सिलवर उत्तर निघतं.

९,५३७ आणि ८,२८८ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मैल वेगळे. पहिला रस्त्यावरचा मैल, १.६०९ किलोमीटरचा. दुसरा सागरी मैल, तो १.८५२ किलोमीटरचा, आणि विमानाचं सगळं काम त्यातच चालतं. बऱ्याच साइट्स नुसतं 'मैल' लिहून मोकळ्या होतात त्यामुळे हा घोळ होतो.

आता सागरी मैलात काम का चालतं तर पृथ्वीच्या केंद्रापाशी एक अंशाचा कोन घेतला की पृष्ठभागावर ६० सागरी मैल होतात. सिंगापूरचा चांगी विमानतळ साधारण १.३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.८ अंश पश्चिम. रेखांशांमधला फरक बघा, १०४ अधिक ७३.८ म्हणजे जवळजवळ १७८. पूर्ण १८० असता तर हे दोघं ध्रुवाच्या बरोब्बर आरपार समोरासमोर आले असते आणि सगळ्यात जवळचा रस्ता थेट उत्तर ध्रुवावरून गेला असता. तसंच धरून चालू. चांगी ते ध्रुव ९० वजा १.३६ म्हणजे ८८.६४ अंश, ध्रुव ते जेएफके ९० वजा ४०.६४ म्हणजे ४९.३६ अंश, बेरीज १३८ अंश. १३८ गुणिले ६० = ८,२८० सागरी मैल, गुणिले १.८५२ = १५,३३५ किलोमीटर. झालं, साइटवरच्या आकड्यापासून फक्त १४ किलोमीटर लांब!

हा १४ चा फरक येतो कुठून तर पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६,३५७. काही साइट्स पृथ्वीला ६,३७१ त्रिज्येचा साधा गोल धरतात, काही खरा चपटा आकार घेऊन हिशोब करतात. यातला फरक अर्ध्या टक्क्याच्या फार वर जात नाही, त्यामुळे प्रवाशाने त्याची काळजीच करू नये.

खिडकीची सीट

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. नकाशाबद्दल थोडी भर घालते कारण मला वाटतं लोकांची खरी गडबड तिथेच होते. आपल्या डोक्यात जगाचा जो चौकोनी नकाशा बसलाय तो मर्केटर नावाच्या नकाशाकाराचा, १५६९ सालचा, आणि तो जहाजवाल्यांसाठी काढलेला आहे. त्यावर सरळ रेघ ओढली की होकायंत्राची एकच दिशा धरून जाता येतं ही त्याची खुबी. पण एकच दिशा धरून जाणं म्हणजे जवळच्या रस्त्याने जाणं नव्हे! उत्तरेकडे गेलं की त्या नकाशात सगळं आडवं-उभं ताणलं जातं आणि ध्रुव तर त्यात मावतच नाही. म्हणून सीटसमोरच्या स्क्रीनवर विमानाचा मार्ग मोठ्ठा धनुष्यासारखा वाकलेला दिसतो आणि शेजारचा म्हणतो हे लोक उगाच फिरवून नेतात.

घरी पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या, एक टोक सिंगापूरवर दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपोआप ध्रुवाच्या बाजूला सरकतो. लहान मुलांना हे जरूर करून दाखवा, एकदा बघितलं की आयुष्यभर विसरत नाहीत.

प्रवासिनी

गणितवेडा, तुमचं १३८ अंशाचं गणित मी खरंच वहीत करून बघितलं, फार आनंद झाला. म्हणजे अंतर १५,३०० च्या थोडंसं वर, ठरलं. मग ॲपवर १६ हजारांच्या वर कसं? आणि विमान ताशी ९०० ने जातं म्हणतात, १५,३४० भागिले ९०० म्हणजे १७ तास आणि वर काही मिनिटं, ती १७ वाली साइट असंच करत असणार. मग कंपनी पावणेएकोणीस तासांच्या आसपास का लिहिते?

ध्रुवतारा

मी विमानांचे मार्ग आखण्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत त्यामुळे हा प्रश्न मनापासून आवडला. लांब लिहितोय, सावकाश वाचा.

ताई, ही भागाकाराची सवय पहिल्यांदा सोडा. दोन विमानतळांमधलं अंतर जमिनीवर मोजलेलं असतं आणि विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालतं, आणि ती हवा स्वतः कुठेतरी निघालेली असते. ताशी ९०० हा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत आहे. त्या उंचीवर बाहेर उणे ५०-५५ अंश असतात, तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास, लांब पल्ल्याची विमानं त्याच्या ८५ टक्क्यांनी जातात म्हणून ९००. आता विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर चालताना जसं होतं तसं समजा, तुमची चाल तीच पण पट्टा तुमच्या बाजूने सरकत असेल तर लवकर पोचाल आणि उलट्या पट्ट्यावर चढलात तर पाय तेवढेच दुखतील पण भिंत लवकर येणार नाही.

सोपा आकडा घेऊ. १०,००० किलोमीटर जायचंय, पाठीमागून ताशी १०० चा वारा आहे, म्हणजे जमिनीवरचा वेग १,०००, वेळ १० तास. परत येताना तोच वारा तोंडावर, वेग ८००, वेळ साडेबारा तास. एकाच रस्त्यावर जाण्यायेण्यात अडीच तासांचा फरक. आणि बघा, जाऊन-येऊन साडेबावीस तास झाले, वारा नसता तर २२ तास १३ मिनिटं लागली असती. म्हणजे 'जाताना मिळालं येताना गेलं, हिशोब बरोबर' असं होत नाही, वारा जाऊन-येऊनच्या एकूण वेळेत थोडं खातोच, कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ काढता.

आता तुमच्या आईच्या विमानाचं. उत्तर गोलार्धात साधारण ९ ते १६ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे तर नेहमीचे, हिवाळ्यात ३०० च्या वर पण जातात. सिंगापूरहून निघालेलं विमान ध्रुवावरून गेलं तर अंतर सगळ्यात कमी, पण हा वारा पाठीशी मिळत नाही. त्यापेक्षा ते ईशान्येकडे वळून जपानच्या बाजूने पॅसिफिकवर जातं, तिथला जेट स्ट्रीम पकडतं आणि मग अमेरिका ओलांडतं. जमिनीवर हजारभर किलोमीटर जास्त होतात, हवेत मात्र कमी होतात, वेळही कमी आणि इंधनही कमी. ॲपवरचे तुमचे १६ हजारांच्या वरचे आकडे म्हणजे हेच.

आणि यातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट. परतीचं विमान, न्यूयॉर्क ते सिंगापूर, हे त्याच पॅसिफिकवरून पश्चिमेला आलं तर तोच वारा तोंडावर येईल. म्हणून ते बऱ्याचदा न्यूयॉर्कहून पण पूर्वेलाच निघतं, अटलांटिक ओलांडतं, युरोपवरून, मग आशियावरून खाली सिंगापूर. जातानाही पूर्वेला आणि येतानाही पूर्वेला! दोन्ही ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना असल्यामुळेच हे जमतं. जाऊन-येऊन केलेला माणूस पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा घालून घरी येतो, आणि म्हणूनच या मार्गावर दोन्ही दिशांच्या वेळा इतक्या जवळ आहेत, साडेअठरा ते एकोणीस तासांमध्ये. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या इतर बहुतेक मार्गांवर असं होत नाही. कुठल्या दिवशी कुठला रस्ता हे त्या दिवशीचा वाऱ्याचा अंदाज बघून निघायच्या काही तास आधी ठरतं, त्यामुळे 'हे विमान कुठून जातं' याला कायमचं एक उत्तर नाहीच.

नवखा भटक्या

अप्रतिम माहिती दादा. एक शंका, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला पाहिजे, कारण पोचायचं ठिकाण स्वतःच समोरून येतंय? शाळेपासून हा प्रश्न आहे, समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही.

मोकळी हवा

मी प्रयत्न करतो. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने पूर्वेला जाते. हवा जर जमिनीबरोबर फिरत नसती तर तिथे उभ्या असलेल्या माणसाला चोवीस तास ताशी १,६७० चा वारा तोंडावर बसला असता. तसं होत नाही, म्हणजे हवा जमिनीबरोबरच फिरते. आणि विमान धावपट्टीवर उभं असताना तेही त्याच वेगाने फिरतच असतं, वर उडाल्यावर तो वेग कुठे जात नाही. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा-तोटा शून्य.

पण आडून संबंध आहे! विषुववृत्तावरची गरम हवा वर चढून ध्रुवांकडे सरकते. ध्रुवाकडे जाताना ती जिथे पोचते तिथली जमीन हळू फिरणारी असते, हिच्याकडे मात्र विषुववृत्तावरचा जास्तीचा पूर्वेकडचा वेग शिल्लक असतो, त्यामुळे ती जमिनीच्या पुढे पळते. आपल्याला तो पश्चिमेकडून येणारा वारा वाटतो. त्यात हिवाळ्यात ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातला फरक वाढतो म्हणून जोर आणखी वाढतो. तर तुमचं विमान पश्चिमेला जाताना उशिरा पोचतं त्याचं मूळ पृथ्वीच्या फिरण्यातच आहे, फक्त तुम्ही समजत होतात त्याच्या उलट बाजूने.

हे वारे पद्धतशीर मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून. त्याने ते एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापलं, जगाला कळावं म्हणून, आणि नेमकं जगात फारसं कुणी वाचलंच नाही. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं.

खिडकीची सीट

जेट स्ट्रीमचं सगळ्यात ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. न्यूयॉर्क ते लंडन ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान, साडेपाच हजार किलोमीटर, ४ तास ५६ मिनिटांत. एरवी या मार्गावर वेळापत्रकात साधारण ७ तास असतात. वादळामुळे पाठीमागचा वारा इतका होता की जमिनीवरचा वेग ताशी १,३०० च्या वर गेला. तेव्हा 'प्रवासी विमान आवाजापेक्षा वेगात गेलं' अशा बातम्या फिरल्या, ते खरं नाही, आजूबाजूच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगात होतं. आवाजापेक्षा खरंच वेगात गेलं ते कॉंकॉर्ड, त्याचा याच मार्गावरचा विक्रम २ तास ५३ मिनिटांचा, १९९६ चा.

प्रवासिनी

बापरे, एका धाग्यात किती शिकायला मिळालं. ध्रुवतारा दादा, अजून एक राहिलं, कंपनीने लिहिलेले पावणेएकोणीस तास म्हणजे हवेतलेच का? आई नक्की किती वेळ बसून असेल?

ध्रुवतारा

नाही, हवेतले नाहीत, आणि हे नीट समजून घ्या कारण तुमच्या कामाचं हेच आहे. वेळापत्रकातली वेळ विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून ते दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, तिथे रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं, सगळं आलं. मोठ्या गजबजलेल्या विमानतळावर याच्यातच अर्धा-पाऊण तास सहज जातो. वर कंपन्या हातचा थोडा वेळ ठेवतात म्हणजे वाऱ्याने दगा दिला तरी वेळेवर पोचल्यासारखं होतं. म्हणून 'अर्धा तास लवकर पोचलो' असं इतक्यांदा ऐकू येतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूर ते नेवार्क (न्यूयॉर्कच्या शेजारचा विमानतळ) ही सेवा परत सुरू केली तेव्हा पहिलंच विमान १८ तासांच्या आत पोचलं होतं, वेळापत्रकात त्याहून जास्त वेळ होता.

बसून राहण्याचा विचार करताना दार बंद व्हायच्या आधीचा वेळ पण धरा. आई विमान गेटवरून सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी सीटवर बसलेली असेल. म्हणजे सीटवर बसल्यापासून उतरेपर्यंत साडेएकोणीस तास धरून तयारी करा, कमी लागले तर चांगलंच.

या मार्गावरचं विमान ए३५०-९००यूएलआर, म्हणजे अतिलांब पल्ल्यासाठी टाक्यांची क्षमता वाढवलेलं, १,६५,००० लिटर इंधन मावतं त्यात. आणि बसायच्या जागा फक्त १६१, साध्या इकॉनॉमीचा वर्गच नाही. कारण इतक्या लांब जायचं तर बरंचसं इंधन पुढचं इंधन वाहून न्यायलाच खर्ची पडल्यासारखं होतं, मग माणसं आणि सामान कमी करावं लागतं. विमान निघतं तेव्हा इतकं जड असतं की एकदम वर चढूच शकत नाही, आधी ३१-३३ हजार फुटांवर जातं, इंधन जळून हलकं झालं की अजून वर, पुढे ३९-४१ हजारांपर्यंत. ॲपवर तो पायऱ्यांसारखा आलेख दिसेल.

इंधन संपायची भीती आईच्या मनात असेल तर सांगा, रस्त्याचं इंधन, त्यावर अंदाज चुकला तर म्हणून काही टक्के, न्यूयॉर्कला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्यावरही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं राखीव, एवढं घेतल्याशिवाय विमान हलत नाही.

जागरण

रस्त्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. वाऱ्याशिवाय दुसरी गोष्ट म्हणजे कुणाच्या आकाशातून जाता येतं. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चपासून रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच कंपन्यांना बंद आहे. फार मोठा मार बसला तो फिनलंडच्या फिनएअर कंपनीला. हेलसिंकी ते टोकियो जेमतेम ७,८०० किलोमीटर, सायबेरियावरून साडेनऊ तासांत जायचे, आता उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून १३ तास लागतात. दोन विमानतळ तिथेच आहेत, अंतराच्या साइटवर आकडा तोच दिसतो, आणि प्रवास साडेतीन तासांनी वाढला. जुन्या मंडळींना आठवेल, शीतयुद्धाच्या काळात युरोप-जपान विमानं अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरायला थांबायची ती याच कारणाने. इतिहास फिरून तिथेच आला म्हणायचा.

तिबेटच्या पठारावर पण मोठी विमानं शक्यतो जात नाहीत. आतला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन १०,००० फुटांवर खाली यावं लागतं, प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन थोड्या मिनिटांपुरताच असतो, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे.

गणितवेडा

जागरण, चांगला मुद्दा. समुद्रावर पण असंच बंधन आहे. दोन इंजिनांच्या विमानाला पूर्वी जवळच्या विमानतळापासून ६० मिनिटांच्या आतच राहावं लागायचं, एक इंजिन बंद पडलं तर म्हणून. १९८५ मध्ये ते १२० मिनिटं झालं, नंतर १८०, आणि आता ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंत मान्यता आहे. इंजिनं भरवशाची होत गेली तसतसे रस्ते सरळ होत गेले. दक्षिण गोलार्धात हे जास्त जाणवतं, सिडनी ते सँतियागो किंवा सिडनी ते जोहान्सबर्ग, दोन्ही ११ हजार किलोमीटरच्या आसपास, गोलावरचा जवळचा रस्ता अंटार्क्टिकाच्या दिशेने खाली झुकतो आणि खाली शेकडो मैल एकही धावपट्टी नाही. पूर्वी तिथे चार इंजिनांचंच विमान लागायचं.

नवखा भटक्या

मग जगात सगळ्यात लांबचे दोन विमानतळ कुठले? आणि तिथे थेट विमान कधी होणार?

गणितवेडा

पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, म्हणजे कुठलीही दोन ठिकाणं २०,००० च्या फार पलीकडे असूच शकत नाहीत, त्याच्या पुढे गेलात की दुसऱ्या बाजूने जवळ यायला लागता. माद्रिद आणि वेलिंग्टन ही जोडी जवळजवळ समोरासमोर आहे, सुमारे १९,८५० किलोमीटर. अशा जोडीत गंमत ही की कुठल्याही दिशेने निघा, रस्ता जवळपास सारखाच.

थेट उडणं अशक्य नाही, २००५ च्या नोव्हेंबरमध्ये बोइंगने ७७७-२००एलआर हाँगकाँगहून पूर्वेकडून लंडनला नेलं होतं, २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. पण त्यात प्रवाशांचा धंदा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने २०१९ मध्ये लंडन ते सिडनी बोइंग ७८७ मोजक्या लोकांना घेऊन नेलं, १९ तास १९ मिनिटांत, आता तेच प्रवाशांसाठी करायचं म्हणून ए३५०-१००० मध्ये मागे २०,००० लिटरची जास्तीची टाकी बसवून घेत आहेत, २३८ जागा, आणि २२ तासांपर्यंतचा प्रवास. १९४७ मध्ये त्यांचीच सिडनी-लंडन सेवा सुरू झाली तेव्हा मधे थांबत थांबत चार दिवस लागायचे.

खिडकीची सीट

प्रवासिनी, घड्याळाचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून मी सांगते, गोळ्यांचं मला चांगलं ठाऊक आहे, घरात रोजचंच आहे.

सिंगापूर जागतिक वेळेच्या ८ तास पुढे, वर्षभर तेच. न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे आणि उन्हाळी वेळेत ४ तास मागे, ती मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. म्हणजे फरक कधी १३ तासांचा, कधी १२ चा. रात्री ११:३० ला निघून १८ तास ४० मिनिटं मोजली की सिंगापूरच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ६:१० होतात, त्यातून १२ वजा केले की सकाळचे ६:१०. तुमच्या तिकिटावरचीच वेळ आहे ही, म्हणजे उन्हाळी वेळेतला प्रवास. विमान पॅसिफिकवरून गेलं काय किंवा ध्रुवावरून गेलं काय, हा हिशोब बदलत नाही, वाररेषा ओलांडली म्हणून वेगळं काही मिळवायचं-वजा करायचं नाही. फक्त दोन्ही टोकांचा जागतिक वेळेशी फरक बघायचा.

गोळ्यांसाठी आईच्या हातातलं घड्याळ प्रवासभर बदलूच देऊ नका. समजा तिच्या वेळा सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० अशा आहेत. रात्री १० ची विमानतळावर घेऊन चढेल, विमानात सकाळी ६ ची आणि दुपारी २ ची अशा दोनच येतात, एक निघाल्यावर साडेसहा तासांनी आणि दुसरी साडेचौदा तासांनी. बाहेर अंधार आहे का उजेड, खायला काय आणून दिलं, कशाकडे बघायचं नाही. नंतरची सिंगापूरच्या रात्री १० ची म्हणजे न्यूयॉर्कच्या सकाळी १० ची. १२ तासांचा फरक असल्यामुळे काटे तिथेच राहतात, नुसतं सकाळचं रात्र होतं, उन्हाळ्यात हे फार सोयीचं आहे. काही गोळ्या, विशेषतः साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या, अशा सरळ हिशोबाने चालत नाहीत, म्हणून हा कागद डॉक्टरांना दाखवूनच पक्का करा. आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट, सामानात अजिबात नको.

जागरण

एवढंच कशाला, टोकियोहून रात्री ९ ला निघा, ७ तासांत होनोलुलू, तिथे त्याच दिवशीचे सकाळचे ९ वाजलेले असतात, निघायच्या बारा तास आधी पोचलात! १९ तासांचा फरक आहे दोघांत.

मोकळी हवा

गुडघ्यांसाठी: आत आल्या आल्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा, आणि बाजूची, म्हणजे चालायच्या वाटेकडची जागा घ्या. दर दीड-दोन तासांनी उठून मागपर्यंत चालून यायचं, बसल्या बसल्या घोटे फिरवायचे, पाणी पीत राहायचं. इतक्या वेळ पाय लोंबते ठेवून बसलं की पोटरीत रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो, आधीचा काही त्रास असेल तर घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. ए३५० मध्ये आतला दाब साधारण ६,००० फुटांच्या उंचीवर असतो तसा ठेवतात, बऱ्याच जुन्या विमानांमध्ये तो ८,००० च्या आसपास असायचा, त्यामुळे ज्येष्ठांना दमायला थोडं कमी होतं.

ध्रुवतारा

खिडकीची सीट, फार छान मांडलंत.

ताई, शेवटचं. अंतराच्या साइट्स आता बंद करा, त्यातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर येणार नाही. ट्रॅक करणाऱ्या ॲपवर हीच फ्लाइट उघडा आणि मागच्या आठ-दहा दिवसांच्या खऱ्या वेळा बघा, उड्डाण ते उतरणं आणि गेट ते गेट अशा दोन्ही. एका दिवसाची बघून ठरवू नका, रोज दहा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त इकडेतिकडे होतं. आईच्या प्रवासाचा महिना वेगळा असेल तर मागच्या वर्षीचा तोच महिना मिळाला तर उत्तम, कारण जानेवारीचा वारा आणि जुलैचा वारा यात फार फरक आहे. त्या दिवशी घ्यायला जाताना सुटल्याची वेळ बघून हिशोब करू नका, विमान वर गेल्यावर ॲप जी पोचायची वेळ दाखवतं ती बघा, ती त्या दिवशीच्या मार्गावर काढलेली असते. आणि उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान यात तास-दीड तास जाऊ शकतो. चाकाच्या खुर्चीची मदत तिकिटावर आधीच नोंदवून घ्या, एकट्या ज्येष्ठांना रांगेतही बरीच मदत होते.

प्रवासिनी

सगळ्यांचे खूप खूप आभार. ॲपवर मागच्या दहा दिवसांच्या वेळा बघितल्या, सगळ्या वेगवेगळ्या आहेत आणि आता त्या तशा का आहेत ते कळतंय. चाकाची खुर्ची आत्ताच नोंदवली, जागा पण बदलून वाटेकडची घेतली. गोळ्यांचा कागद सिंगापूरच्या वेळेप्रमाणे मोठ्या अक्षरात लिहिलाय, त्यातली एक रक्त पातळ करणारीच आहे, म्हणून सोमवारी डॉक्टरांना दाखवून मगच आईला पाठवते. ते काय म्हणाले ते इथेच लिहीन.